उल्कानवहिनीची सुरी

उल्कान माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या अट-बाशी गावात घरोघरी जे नमदे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड गालिचे, अंथरलेत, त्यांतल्या निम्म्यांवरची मेंढ्याच्या शिंगांची नक्षी तिच्या हातची. पण चार वर्षांपूर्वी शहरातल्या प्रदर्शनात कुणा बाईने नक्षीला पट्टी लावली आणि म्हणाली, "हे शिंग त्या शिंगापेक्षा बोटभर जाड आहे." झालं! वहिनीने नक्षी आखायचा खडू सोडला तो सोडलाच. कुणी आग्रह केला की उठून बाहेर पळायची. उधळलेल्या घोड्याचा लगाम धरणारी बाई हो ती!

यंदा तिची नात ऐझादा हिने हट्ट धरला, सासरी न्यायचा नमदा आजीच आखणार, नाहीतर मी रिकाम्या हातांनी जाईन.

दोन उन्हाळ्यांची लोकर त्यात गेली होती. एक नमदा तपकिरी, एक लाल. दोन्ही एकावर एक ठेवून सुरी एकदाच चालवायची, मग तपकिरी शिंग लालात बसवायचं आणि लाल तपकिरीत. सुरी घसरली की दोन्ही गेले, आणि नवी लोकर लग्नाआधी मिळणार नव्हती.

सकाळी बायका जमल्या. सुऱ्यांना धार लावून मी नमद्याचा काठ गुडघ्यांनी दाबून बसलो. वहिनीने शिंग काढलं, मान हलवली, काठीने बडवून पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा बडवलं. दुपारपर्यंत हेच.

"अगं, नमदा आहे की चोर?" शेजारीण तुर्दुबुबू म्हणाली. "किती मारशील बिचाऱ्याला!"

सगळ्या हसल्या, वहिनी नाही. ती पुसतच राहिली. खडूची भुकटी लोकरीत इतकी मुरली की तपकिरी नमदा राखाडी झाला. आता त्यावर रेघच दिसेना.

"भाऊजी, घडी घाला," ती पुटपुटली. "माझ्याच्याने नाही होत."

ऐझादा दारात उभी होती. तिच्याकडे बघवेना. मी घडीला हात घातला, तर तुर्दुबुबूने तो झटकला आणि सुरी वहिनीपुढे धरली.

"रेघ नाही तर नाही. लहानपणी कुठे आखत होतीस? आईची कातर पळवून माझ्यासाठी फुलाफुलांची टोपी कापली होतीस ना?"

"आणि चुकलं तर?"

"टोपीही वाकडीच झाली होती. दोन हिवाळे घातली मी!"

वहिनीने सुरी टेकवली. मी मनात अल्लाचं नाव घेतलं. लोकर चिरण्याचा आवाज तेवढा येत होता. शिंग सुटं झालं. जाड! ते कळायला पट्टीची गरजच नव्हती. वहिनी जागच्या जागी थिजली.

तुर्दुबुबूने वरच्या नमद्याचा काठ उचलला, तपकिरी शिंग लालातल्या भोकात ठेवलं. नेमकं बसलं. बसणारच की! भोकही तेवढंच जाड, एकाच सुरीचं.

पन्नास वर्षं हेच काम केलेली वहिनी, पण पहिल्यांदा बघावं तशी बघत राहिली. कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "हा मेंढा चरून चरून सुटलाय."

"आणि दुसरा?" ऐझादाने दारातून विचारलं. आवाज रडवेला.

"दुसरा त्याच्यावर जळून जळून वाळलाय." वहिनीने पुन्हा सुरी खुपसली. "भाऊजी, गुडघा सरकवा. त्याचंही शिंग नेमकं बसेल!"