‘इचारं का तिले?’

पाटील मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेच संतापलेल्या. शहाद्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. परीक्षेत पुटपुटतो म्हणून पर्यवेक्षकांनी एका मुलाची उत्तरपत्रिका काढून घेतली होती. मॅडम त्यांच्यावर अहिराणीत कडाडल्या, “काय पुटपुटस, इचारं का त्याले?” तो मुलगा उत्तर आधी आपल्या पावरी बोलीत जुळवून मग मराठीत लिहीत होता. मॅडमनी त्याला उत्तरपत्रिका परत मिळवून दिली.

मॅडमच्या साठीनिमित्त गोड लिहा, असं गौरव अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे. मला ते जमणार नाही, कारण रमिला पावराचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं.

रमिला धडगावकडची, मॅडमची विद्यार्थिनी. परदेशी विद्यापीठात तिने एम.एस्सी.साठी अर्ज केला. पूर्वी अशा मुलाखती प्राध्यापक घेत, आता संगणक घेतो. तिच्या गावात रेंज नाही, म्हणून मॅडमनी तिला पुरुषोत्तमनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. मुलाखतीच्या वेळी शेजारचा मिक्सर बंद करायला लावला आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एका बाईंचं चित्र प्रश्न विचारत होतं. मोठ्यांशी बोलताना रमिला खाली बघते, तिच्या घरचं वळणच तसं आहे. यंत्राने निकाल दिला: नजर वारंवार पडद्याबाहेर, गैरप्रकार, अर्ज रद्द. एका गुणी मुलीला चोर ठरवून मोकळे झाले, आणि आम्ही याला प्रगती म्हणायचं!

तक्रारीचं उत्तरही यंत्रानेच दिलं, फोनही त्यानेच उचलला. इंग्रजी संपलं तेव्हा मॅडम अहिराणीवर आल्या. “माले माणूस जोयजे. मन्ही पोर चोर नही शे.”

“मॅडम, राहू द्या ना,” रमिला म्हणाली.

“का बरं राहू दिऊ?”

मॅडम हटल्या नाहीत. कित्येक महिन्यांनी त्या विद्यापीठातले एक प्राध्यापक स्वतः पडद्यावर आले. रमिलाने पुन्हा मान खाली घातली. त्यांनी विचारलं, “तुम्ही खाली का बघता?” तिने सांगितलं. त्यांनी माफी मागितली आणि प्रवेश दिला. पोरीचं वर्ष मात्र फुकट गेलं, आणि ते यंत्र अजून मुलाखती घेतंच आहे.

मॅडम, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, पण राग कमी करू नका. सुट्टीत रमिला येईल, आपल्यासमोर खाली बघत उभी राहील. आपल्याला तिला काही विचारावं लागणार नाही.