इस्त्री केलेली जाकिटं

ईशान्य सीमेवरच्या एका डोंगरी पोस्टवर मी हवालदार होतो. हाताखाली नऊ जवान. साडेचारला उठायचं, पाचला पीटी, सहाला चहा आणि मग दिवसभर पाऊस. नायक गजानन माझ्याच भागातला, खापा गावचा. त्याच्याशी बोलताना माझी हिंदी आपोआप गळून पडायची.

फौजेत काही वर्षं काढली की एक खोड लागते. इन्स्पेक्शन म्हटलं की वस्तू कामाची आहे का यापेक्षा ती चकाचक आहे का, याचीच काळजी जास्त. मला ती जरा जास्तच लागली होती. आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, येणार म्हणून मी सगळ्यांची रेनजाकिटं गरम पाण्यात, कपड्यांच्या पावडरीने, ब्रशने घासून धुवायला लावली. वरून कडक इस्त्री.

गजानन म्हणाला, "उस्ताद, जाकिटाले इस्त्री काहून?"

"सांगितलं तेवढं कर गा."

साहेबांनी शाबासकी दिली. मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही गस्तीवर निघालो. नऊला पाऊस लागला. दहाला सगळ्यांचे खांदे ओले.

"उस्ताद, पाणी आत येऊन राहिलं," गजानन म्हणाला.

"चालत राहा."

सव्वाअकराला गजाननची जीभ अडखळायला लागली. बाराला त्याचं कुडकुडणं थांबलं, पण अंग थंडच होतं. तेव्हा मी घाबरलो आणि वायरलेस उचलला.

"बेस, एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. नीचे लाओ. ओव्हर."

आम्ही त्याला आळीपाळीने खांद्यावर घेतलं. दोन वाजून चाळीस मिनिटांनी नाडी लागेना. चौकशीत मृत्यूचं कारण हवामान असं नोंदलं गेलं. जाकिटांच्या धुलाईबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

रिटायर झाल्यावर आधी खाप्याला गेलो. त्याच्या बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. पावडरीने आणि इस्त्रीने जाकिटाचा पाणी अडवणारा लेप गेला होता आणि हुकूम माझा होता. सुनंदा आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी शेवटच्या बसने परत आलो.

आता मी शहरात, प्रताप नगरात राहतो. पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन डोंगर-जंगलात फिरणारी कुटुंबं आमच्याकडे बरीच आहेत. मी फौजेतला म्हणून ती मला जाकिटं दाखवायला आणतात. रंग मला दाखवू नका, आतली बाजू दाखवा, असं मी त्यांना सांगतो. शिवणीवर आतून पट्टी हवी, चेनवर झाकण हवं, खाली स्वेटर मावेल एवढं माप हवं. मळलं तर साध्या कोमट पाण्याने आणि हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा, ओलं घडी करू नका. बाहीवर पाणी टाकल्यावर थेंब घरंगळला पाहिजे. कापडात जिरला तर ते जाकीट घेऊन घराबाहेर पडू नका. लोक हसतात, म्हातारा फार कडक आहे म्हणतात. म्हणू द्या.

गेल्या जूनमध्ये सुनंदा दारात उभी राहिली. तिची मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर ट्रेकला जाणार होती. पिशवीत मुलीचं नवं जाकीट होतं.

"पाहून द्या, भाऊ."

मी म्हणालो, "माझ्यावर कसा भरवसा ठेवता?"

"त्यायचं खरं काय झालं ते मले फक्त तुम्हीच सांगितलं," ती म्हणाली.

मी गजाननच्या पोरीचं जाकीट उलटं केलं आणि एकेक शिवण तीन वेळा तपासली.