भिंतीतली ओल

"हे भिंत कवा पडन सांगता येत नाही, साहेब," बांधकाम विभागातले बाबू तपासणीला आलेल्या इंजिनीअरला सांगत होते. "पाडूनच टाका. नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट तरी भेटन."

नगरपालिकेच्या या जुन्या दगडी इमारतीचे नकाशे काढायला मी महिनाभर येत होते. बाबू रोज माझ्या टेपचं दुसरं टोक धरायचे. घरच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी कमानीवर थाप मारून मगच बोलायचे, "काहून मोजून राह्यल्या, मॅडम? माझ्या आज्यापासून इंचभर नाही हलली हे." कुणी म्हातारं आलं की स्वतःची खुर्ची द्यायचे. मला ते आवडायला लागले होते.

आज तेच बाबू त्या भिंतीतला ओला चुना नखाने उकरून दाखवत होते. 'धोकादायक' असा शेरा लिहायला इंजिनीअरने पेन उघडलं. बाबूंनी माझ्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं. चारचौघांत माझी मराठी अडखळते, म्हणून मी गप्पच असते.

"साहेब," मी म्हणाले, "यांच्या खिडकीतला कूलर दोन उन्हाळे या भिंतीवर गळतोय, यांनीच मला सांगितलंय. खिडकीबाहेर जाऊन आधी तो बघा, मग लिहा."