मामांचा डावा हात

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली नाही, असा माणूस रत्नागिरीत एकतर कालच राहायला आलेला असतो, नाहीतर मामांना लांबून बघून दुसऱ्या गल्लीत वळलेला असतो. मुंबईत कातडीवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते सहायक होते. निवृत्त होऊन मांडवीच्या घरी आले, पण संशोधन काही निवृत्त झालं नाही. समोरच्याच्या पंज्यामागची कातडी उचलायची, सोडायची आणि ती पुन्हा सपाट होईपर्यंत पुटपुटत मोजायचं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे बाहेर येण्याआधीच माझा हात मोजून झाला होता. "एकात बसली!" त्यांनी आत ओरडून सांगितलं, "मुलगा हरकत नाही."

लोकांचे हात हा मात्र नुसता विरंगुळा. खरा प्रयोग त्यांच्या स्वतःच्या अंगावर चालू होता. चाळीसेक वर्षं ते डाव्या हाताला रोज दोन वेळा मुठेल चोळतात. कोकमाच्या बियांचं ते थिजलेलं तेल, जे बाकीचं कोकण भेगाळलेल्या टाचांना लावतं. त्या हाताला ऊन लागू नये म्हणून वर सुती पिशवी. उजव्या हाताला यातलं काहीच नाही. "तुलना नको काय, जावईबापू? एक हात बिघडू द्यायलाच हवा." उजवा बिघडला, अगदी वेळेवर बिघडला. डावा तिशीतच राहिला. हे ऐकायला गमतीचं आहे, बघायला नाही. मामा देवापुढे हात जोडतात तेव्हा वाटतं, त्यांच्या पाठीमागे कुणी तरुण माणूस दडून बसलाय आणि त्याने आपला एक हात पुढे केलाय. एकदा बांगडे निवडताना पिशवी निसटली, तर मासेवाली टोपली मागे ओढून म्हणाली, "बाबानू, ह्यो हात कुनाचा वो?"

मामींना त्या बिचाऱ्या उजव्या हाताची फार दया यायची. दुपारी मामांचा डोळा लागला की त्या हळूच त्यालाही मुठेल लावायच्या. मामा जागे व्हायचे, हात हुंगायचे आणि "अगो, प्रयोग बाटवलास!" म्हणत साबणाने खसाखसा धुऊन टाकायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

दोन वर्षांपूर्वी मामींची स्मृती पुसली गेली. भाची ओळखू येईना, घर ओळखू येईना, मामाही ओळखू येईनात. त्यांनी उजवा हात पुढे केला की त्या अंग चोरून घेतात. पण डावा दिसला की चेहरा उजळतो. तो दोन्ही हातांत धरून त्या बोलत बसतात. मामांशी नाही, हाताशी. "आज उशीर केलात?" असं हाताला विचारतात.

गेल्या रविवारी मामांनी मला पडवीत बोलावलं आणि पिशवी काढून डावा हात पुढे केला. "तुम्ही मोजा. माझ्या मोजण्यावर माझा विश्वास नाही." मी कातडी उचलून सोडली. ती उभीच राहिली. मनात चारपर्यंत आलो तेव्हा कुठे ती हळूहळू बसली.

"एक," मी म्हणालो.

"मीही मोजत होतो हो," मामा म्हणाले. मग उजवा हात मांडीवर उलटा ठेवून म्हणाले, "तेव्हा हिला चोळू द्यायला हवं होतं. कशाला धुतला मी?"

आम्ही दोघं आत गेलो. मामींनी डावा हात ओढून घेतला, अंगठ्याने कुरवाळला, क्षणभर थांबल्या. त्यांना कळलं की काय, असं वाटलं. पण त्या हाताकडेच झुकून कुजबुजल्या, "अहो, हा म्हातारा कोण? रोज येऊन नुसता बसून असतो. चहा तरी विचारा त्याला."

मामांनी मान खाली घातली आणि हलक्या आवाजात स्वतःलाच विचारलं, "चहा घेणार का?"

"अर्धा कप चालेल," ते म्हणाले.