माईकनं न घेतलेली माय

घरी रेकॉर्डिंगसाठी कोणता माईक घ्यावा, असं इथे काल कोणीतरी विचारलं होतं.

पन्नासच्या दशकात रेडिओवाल्यांनी आरमोरीजवळ धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवण्याची गाणी टेप केली होती. आज दुपारी ती टेप ऐकली. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या रोवता रोवता ती झेलतात. झेलणाऱ्यांत माझी माय होती.

माईक भारी होता. सांगणारीचा श्वासही ऐकू येतो. तिची ओळ संपली की झेलणाऱ्यांच्या जागी नुसती खरखर.

"तुई माय मांगं होती, बाबू," तेव्हा बांधीत असलेली मावशी म्हणाली. "माईक त पुढच्या बाईसमोरच होता."

मायचा आवाज दुसरीकडे कुठी नाई. रडू आलं नाई. ती खरखरच पुन्हा लावून ऐकून राह्यलो.

घरी साधाच माईक घ्या, सगळ्यांचे आवाज घेणारा. तुमच्या घरी मागे कोण गातं?