नागिणीवरचा गेरू
बायको कुंड्यांना गेरू लावायला बसली की त्या ओल्या मातीच्या वासाने मी अजून उठून बाहेर जातो. एचआयव्हीने खंगलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या कपाळावर नागीण उठली होती आणि ती डोळ्याकडे सरकत होती. “नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं तर माणूस जातो हो,” असं म्हणत आत्याने तिच्या वाटेवर गेरूचा जाड थर द्यायला सांगितला. तो रोज मीच द्यायचो, श्वास रोखून, कापसाच्या बोळ्याने, बोट लागू न देता. खाली पू साचला, माशा बसू लागल्या, पापणी चिकटून गेली. रत्नागिरीला दवाखान्यात डॉक्टरांनी तो लाल लगदा धुऊन काढला तेव्हा आतून असा आंबूस वास आला की मी तोंड फिरवलं. “एचआयव्ही असताना नागीण दिसली की लगेच गोळ्या लागतात. उशीर केलात, हा डोळा गेला,” डॉक्टर म्हणाले. भाऊ दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता. “तू जा रे, हात धुऊन ये,” तो म्हणाला, “मघापासून नुसते शर्टाला पुसतोयस.” मी खरंच गेलो, सुटल्यासारखा, आणि कोपरापर्यंत साबण चोळत राहिलो. डोळा गेल्याचं ऐकून तो आत एकटा बसला होता. आज पन्नाशीत मला त्या पुवाची किळस येत नाही, नळाशी रेंगाळणाऱ्या त्या माणसाची येते.