काकांची पालेभाजी

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे काका पालेभाजीला हात लावत नाहीत. काकूंनी मेथी वाढली की आम्हाला खाली ऐकू येतं, "मी काय ससा आहे?"

आमच्याकडे पेढ्या नावाचा खराखुरा ससा आला, तेव्हापासून काका रोज त्याला बघायला येतात आणि मला सल्ले देऊन जातात. पेढ्याच्या नसबंदीच्या दिवशी सकाळी मी त्याला गवत घालत होते, तर काका दारातूनच ओरडले, "अगं, ऑपरेशन आहे ना? उपाशीपोटी न्यायचं असतं! माझ्या हर्नियाच्या वेळी मला चहासुद्धा दिला नव्हता." सशाचं पोट रिकामं ठेवायचं नसतं, असं डॉक्टरांनीच बजावलंय, हे काकांना काही पटलं नाही.

संध्याकाळी पेढ्या घरी आला तो कोपऱ्यात पाठ करूनच बसला. लवकर खाल्लं नाही तर आतडी थांबतात, जिवावर बेततं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण समोर ठेवलेलं गवत, कोथिंबिरीची जुडी, तो कशालाच तोंड लावेना. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात काका आले. आज सल्ला नाही. गुडघे धरत फरशीवर बसले, कोथिंबिरीची काडी उचलली, "हा घास काऊचा," म्हणाले आणि स्वतःच कचाकचा चावली. "हा घास चिऊचा." तीही स्वतःच खाल्ली. निम्मी जुडी संपल्यावर पेढ्याचं नाक हललं. मग त्याने वळून काकांच्या हातातली काडीच ओढली.

काकू जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. दोघं समोरासमोर कोथिंबीर चघळत होते.

"बरं झालं," काकू म्हणाल्या, "उद्यापासून मेथी फरशीवर वाढते."